मापाची चोळी

संपादकांचं पत्र आलं. आमच्या वाचक भगिनींना घरच्या घरी शिवणकाम शिकायचं आहे, तरी कात्री, टेप, खडू, सुई यांची माहिती देणारा लेख द्यावा. इथपर्यंत ठीक होतं. खाली एक ओळ जोडली होती, "नऊ चोळ्यांचा किस्साही लिहिलात तर अंकाला रंगत येईल."

ती ओळ वाचून माझं डोकं फिरलं. मद्रासच्या मराठी मंडळींत मी गेली बारा-तेरा वर्षं दामोदर शिंपी राहिलेलो नाही, 'नऊ चोळ्या बिघडवणारा' झालो आहे. जे त्या लग्नाला नव्हते तेच तो किस्सा जास्त रंगवून सांगतात. कुणी नऊच्या बारा करतो. कुणी म्हणतो, नवरी मांडवात रडली. नवरी रडली नव्हती. मी स्वतः मांडवात होतो, मागच्या रांगेत.

तेव्हा शिवणाची माहिती आधी देतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. किस्सा सांगतो तो मात्र रंगतीसाठी नाही. त्या चोळ्यांपायी माझा कटर एकांबरम मला सोडून गेला. आठ वर्षं माझ्यापाशी होता आणि एका वाक्यासरशी गेला. ते वाक्य कोणतं, चूक कुणाची, हा विचार मी इतक्या वेळा केला आहे आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं आहे.

कात्रीपासून सुरुवात करू. कापड कापायची कात्री घरातल्या कात्रीसारखी नसते. तिचं खालचं पातं टेबलाला टेकून सरकतं, कापड उचलायचं नसतं. तिनं एकदा कागद कापला की तिची धार गेली. एकांबरमची कात्री बारा इंची होती, त्याच्या गुरूची. आठ वर्षं ती माझ्या टेबलावर होती, पण मी तिला हात लावला नाही. कटरच्या कात्रीला मालकानंसुद्धा हात लावायचा नाही, ही आमच्या धंद्यातली रीत.

टेप कापडी असते आणि ती ताणत जाते. वर्षभर वापरली की छत्तीसची छत्तीस राहत नाही. आम्ही आयुधपूजेला मशीनींना हळदकुंकू लावलं की जुनी टेप फेकून नवी गळ्यात घालत असू. खडूला धार हवी, नाहीतर रेघ जाड येते आणि जाड रेघेच्या कोणत्या कडेनं कापायचं यातच पाव इंच जातो. खुणा कापडाच्या उलट बाजूला करायच्या. कापलेले भाग आधी लांब लांब सैल टाक्यांनी जोडायचे, त्याला कच्चा टाका म्हणतात. अंगावर घालून पाहिलं, बरोबर बसलं, की मग मशीनची टीप मारायची. आणि शिवणीच्या आत थोडं जादा कापड ठेवायचं, त्याला आम्ही माया म्हणतो. माणूस जाड झाला की शिवण उसवून त्या मायेतून कापड सोडता येतं.

सगळ्यात अवघड मुंढा. बाही धडाला जोडतात ती गोलाई म्हणजे मुंढा. चोळी बाजूनं सैल झाली तर आत घेता येते. पण मुंढा खोल गेला तर गेला. हात वर केला की सबंध चोळी हाताबरोबर वर येते, आणि त्यावर जगात कुणाकडे इलाज नाही.

मी मूळचा बार्शीचा. लढाईच्या दिवसांत तंबू शिवायच्या कामावर मद्रासला आलो आणि लढाई संपल्यावर परत गेलो नाही. गावी जाऊन भावांच्या हाताखाली काजं करण्यापेक्षा इथं उपाशी राहणं बरं, असं मला वाटलं. पहिली मशीन मूर मार्केटात घेतली. म्हातारा दुकानदार दर कमी करेना. मी तीन दिवस रोज जाऊन त्याच्या दुकानासमोर बसलो आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना त्या मशीनचे दोष समजावून सांगत राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी तो हात जोडून म्हणाला, "अय्या, ही घेऊन जा आणि मला धंदा करू दे." मी म्हटलं, "स्टुलासकट?" तो म्हणाला, "स्टुलासकट. पण आत्ताच्या आत्ता."

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो ती जन्मभर पाळली. समोरच्यानं एकदा मान हलवली की त्या विषयावर पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. काढलात की तो पुन्हा मोकळा होतो.

तिरुवल्लिक्केणीच्या एका गल्लीत मी दुकान टाकलं. मशीन चालवायला माणसं मिळतात, कापायला मिळत नाहीत. कटर म्हणजे दुकानाचं डोकं, त्याला मास्तर म्हणतात. एकांबरम वेलचेरीचा. ते आता कुठं थोडं शहराला लागलंय; तेव्हा तळं आणि भातशेती होती, आणि तो तिथून चालत सैदापेटला येऊन बस पकडायचा. कपाळावर विभूती, गळ्यात टेप, तोंडातून शब्द कमी. मी दिवसातून चार वेळा त्याच्यावर ओरडायचो. खडू सापडला नाही तरी ओरडायचो. तो "सरि, मुदलाळी," म्हणायचा, म्हणजे बरं मालक, आणि मग त्याला जे योग्य वाटायचं तेच करायचा. निम्म्या वेळा त्याचंच बरोबर निघायचं. उरलेल्या निम्म्याबद्दल मी बोलत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक सरकारी कारकून पँट शिवताना सांगायचा, "कमरेला चार इंच माया ठेवा, पुढं थोरल्याला होईल. पायाला सहा ठेवा, धाकटा उंच आहे." ती पँट घालून तो चालला की आतल्या मायेमुळं गोणपाट पांघरल्यासारखा दिसायचा. पुण्याहून बदली होऊन आलेले एक रेल्वेचे साहेब होते. त्यांना अस्तर लावलेला गरम कोटच पाहिजे. एकांबरमनं त्यांना तमिळमध्ये विचारलं, "सार, या गावात हा केव्हा घालणार?" साहेबांना तमिळ येत नव्हतं. मी भाषांतर केलं, "मास्तर म्हणतात कोट तुम्हाला शोभेल." शोभला. एकदाच घातला.

आता चोळ्यांकडे येतो. इकडे तंजावरकडची जुनी मराठी घराणी आहेत. त्यांची मराठी आपल्यापेक्षा जुनी, चालीला तमिळ, आणि रीती आपल्याहून कडक. त्या घरांतल्या बायका शिंप्याला माप घेऊ देत नसत. अंगाला नीट बसणारी एक जुनी चोळी घरातून पाठवायची, ती मापाची चोळी. तिच्यावरून नवीन शिवायची. आम्ही ती टेबलावर पसरून छाती, खांदा, मुंढा, बाही उतरवून घेत असू. बाई डोळ्यानं कधी दिसायची नाही, पण तिचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे हे आम्हाला ठाऊक असायचं.

पद्माबाई अशाच एका घरातल्या. यजमान मुलाकडे दिल्लीला, घरचा कारभार बाईंच्या हातात. धाकटी मुलगी वत्सला हिचं लग्न ठरलं आणि बाई नऊ रेशमी चोळखण घेऊन दुकानात आल्या. बरोबर त्यांची नणंद राधाबाई. कांचीपुरमचं कापड, हात लावला तर बोटं अडकतील असं वाटावं.

"दामोदरराव, नऊ आहेत. आठ दिवसांत होणा. काय घेटा?"

'होणा' म्हणजे हव्यात. मी दर सांगितला. बाई हसल्या.

"चोळी शिवालास की देऊळ बांधालास?"

"बाई, रेशमी आहे. एका चुकीला क्षमा नाही. आणि आठ दिवस म्हणताय."

"माझ्या थोरलीच्या लग्नांत समोरच्या गल्लीतल्या नायडूनं निम्म्यांत केलं."

"मग त्याच्याकडे जा की. रस्ता ओलांडायला काय लागतं?"

नणंदबाई उठल्या. पद्माबाई उठल्या नाहीत. बसून राहिल्या, म्हणजे सौदा होणार हे मी ओळखलं. तासभर चाललं. शेवटी माझा दर राहिला, पण बाईंनी वर दोन गोष्टी घेतल्या: खणांच्या उरलेल्या तुकड्यांच्या दोन पिशव्या फुकट, आणि बिघडली तर कापड भरून देणं माझ्याकडे. मी म्हटलं, मुलीला एकदा आणा, माप घेऊ, कच्च्या टाक्यावर एकदा घालून पाहू. रेशमाला ते बरं.

पद्माबाईंनी कानांवर हात ठेवले. "लग्न ठरलेलं पोर शिंप्याच्या दुकानांत? आमच्यांत होणार नाहीं. मापाची चोळी पाठवटों."

बाईंनी दराला मान हलवली होती. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी चोळी घेऊन आला. निळी, सुती, धुऊन मऊ झालेली. एकांबरमनं ती टेबलावर पसरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली, मग उजेडात धरली.

"मुदलाळी, ही लग्नाच्या मुलीची नाही."

"कशावरून?"

त्यानं बाजूच्या शिवणीवर बोट ठेवलं. शिवणीच्या बाहेर एक गडद निळी पट्टी दिसत होती. जे कापड बरीच वर्षं शिवणीच्या आत असतं त्याचा रंग उडत नाही. शिवण उसवून कापड सोडलं की ती पट्टी बाहेर येते. इथं पट्ट्या दोन होत्या, म्हणजे दोनदा सोडलेली. मग त्यानं पुढचे हूक दाखवले. वरचे नव्यासारखे, खालचे तीन झिजलेले, त्यांची घरं ताणलेली.

"ही अंगावर पाजणाऱ्या बाईची आहे. माणूस पाठवा. मुलीची दुसरी मागवा."

माझ्या डोक्यात काय आलं ते खरं सांगतो, कारण याबाबत तरी माझा गोंधळ नाही. मला चोळीचा विचार आलाच नाही. मला वाटलं, आता निरोप पाठवला की पद्माबाई पुन्हा दारात. चोळी चुकीची म्हणता? आमच्या घरावर शंका घेता? मग दराचं पुन्हा बोलू. एवढ्या मेहनतीनं बांधलेली गाठ मी माझ्या हातानं सोडणार नव्हतो.

"तू शिंपी आहेस की सुईण?" मी ओरडलो. "त्यांनी दिली ती त्यांची जबाबदारी. काप."

"मुदलाळी, एकच निरोप."

"काप म्हटलं ना!"

"सरि, मुदलाळी."

पण या वेळी त्यानं त्याला योग्य वाटलं ते केलं नाही. मी सांगितलं तेच केलं. दोन दिवसांत नऊ कापल्या, सहाव्या दिवशी तयार झाल्या, इस्त्री करून मलमलीत गुंडाळून पाठवल्या. इतकी सफाईदार शिलाई मी त्यानंतर पाहिली नाही. तुरपाईचा टाका उलट बाजूनंही दिसत नव्हता.

लग्नाला तीन दिवस उरले होते तेव्हा पद्माबाई आणि राधाबाई गाठोडं घेऊन दुकानात आल्या. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, त्यातले एक आपल्याच मंडळींपैकी. बाईंनी गाठोडं टेबलावर सोडलं.

"पाहा. पोरीच्या अंगांत घातलं तर खांद्यावरून उतरते. हात वर केला तर अस्की चोळी वर येते. खुंटीला लटकावल्यासारखं दिसते."

"तुमच्या चोळीच्या मापानंच शिवलंय."

"आमची चोळी बरोबर आहे. पोरीच्या पेटींतून मी माझ्या हातानं काढली."

मी एकांबरमकडे पाहिलं. तो टेबलाच्या पलीकडे उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मी काहीतरी बोललो.

इथून माझ्या आठवणीचा भरवसा मला नाही. माझ्या आठवणीत मी एकांबरमवर ओरडलो. रोज ओरडायचो तसाच, कदाचित जास्त. त्यानं गळ्यातली टेप काढली, गुंडाळून टेबलावर ठेवली, आपली कात्री फडक्यात बांधली आणि पायरी उतरला. मला वाटलं, कॉफी प्यायला गेला. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पाहिली. तिसऱ्या दिवशी लग्न होतं.

नऊही चोळ्या मी स्वतः उसवल्या. बाजू आत घेतल्या, खांद्यावर चुणी घातली. मुंढ्याचं काही होणार नव्हतं. वत्सला पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून मांडवात बसली, वैशाखाच्या उन्हात. बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. पदर का लपेटलाय हे पद्माबाईंनी कुणाला सांगितलं नाही. राधाबाईंनी सगळ्यांना सांगितलं.

त्या वर्षापासून आपल्या मंडळींतलं एकही चोळखण माझ्या दुकानात आलं नाही. मी शाळेचे गणवेश आणि बुशशर्ट शिवून पोट भरलं, आणि चांगलं भरलं. पण राग राहिला. चुकीची चोळी पाठवायची त्यांनी, आणि बदनाम मी?

पाचेक वर्षांनी राधाबाई मैलापूरच्या तळ्याकाठी भेटल्या. मी तोंड फिरवलं. त्यांनीच हाक मारली.

"दामोदरराव, एक सांगटों, कोणाला सांगू नका. वयिनीनं पोरीचीच काढून ठेवली होती. मी बदलली."

"का?"

"लग्न ठरलेल्या पोरीचं अंगावरचं वस्त्र बाहेर देऊ नये की. कोण काय करील ते काय ठावकं? माझ्या सुनेची पाठवली. दोघी एकाच अंगाच्या मणून."

"तुमची सून तेव्हा बाळंतीण होती?"

"चार महिन्यांचं लेकरू होतं. एकाच अंगाच्या होत्या की, आधी."

मी रस्त्यात नाचायचा बाकी राहिलो. म्हणजे एकांबरम अक्षरन् अक्षर खरा! मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे चूक तुमची." मी म्हटलं, "माझी कशी? चोळी त्यांनी बदलली." ती म्हणाली, "आणि ती चुकीची आहे हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं?" मी त्या दिवशी जेवलो नाही.

इतकं सरळ असतं तर हा लेख इथंच संपला असता. पण त्यानंतर वर्षभरात वत्सला स्वतः दुकानात आली, मुलाच्या शाळेच्या चड्ड्या शिवायला. मोकळी, हसरी मुलगी. मी विषय काढला. ती म्हणाली, "काका, ती निळी चोळी माझीच हो. आक्काची जुनी मला आली होती. आक्काला दोन मुलं झाली त्या चोळीवर. मी घालायची ती सैलच." मग आत्याबाईंनी बदलली ती कोणती? "आत्या? तिला अस्कं आपणच केलं असं वाटते." आणि वर म्हणाली, लग्नाआधीच्या महिन्यात ती जेवतच नव्हती, सासरच्या भीतीनं वाळून गेली होती, त्यामुळं कोणत्याही मापानं शिवली असती तरी सैलच झाली असती.

मग? चोळी पाजणाऱ्या बाईची होती हे खरं, आणि लग्नाच्या मुलीची होती हेही खरं? एकांबरमनं चोळी बरोबर वाचली आणि तरी चुकला? की तो म्हणाला तसा निरोप पाठवला असता, तर चोळी कुणाचीही असली तरी काही बिघडलं नसतं? पद्माबाई खरं बोलल्या होत्या का? मी दुकानात बसून तिघींची बोलणी खडूनं टेबलावर लिहिली, रेघा ओढल्या, पुसल्या. शिवण कुठूनही उसवली तरी दुसरीकडे सुरकुती येत होती.

शेवटी मी वेलचेरीला गेलो. गिंडीपर्यंत बसनं, पुढं तळ्याच्या बांधावरून चालत. एकांबरमनं घराच्या ओट्यावर मशीन टाकली होती. आसपासच्या शेतकऱ्यांच्या बंड्या आणि पोरींचे परकर शिवत होता. मला पाहून उठला, बाक पुसला, बायकोला ताक आणायला सांगितलं. मी राधाबाईंचं सांगितलं, वत्सलाचं सांगितलं. तो ऐकत होता आणि हातानं काज करत होता.

"कुणाची होती ती चोळी, एकांबरम? तूच सांग."

"कुणाची असेना, मुदलाळी. मुंढा मी त्या चोळीपेक्षाही अर्धा इंच खोल कापला होता. रागात होतो. कात्री गेली."

मी थक्क झालो. "म्हणजे चूक तुझी?"

"असेल."

"मग मी ओरडलो त्यात काय चुकलं? त्यासाठी आठ वर्षांचं काम सोडायचं?"

आता थक्क व्हायची पाळी त्याची होती. सुई थांबली.

"तुम्ही ओरडला नाहीत."

"ओरडलो! सगळं दुकान साक्षीला होतं."

"नाही, मुदलाळी. तुम्ही हळू बोललात. बाईंकडे पाहून, मराठीत. आठ वर्षांत तेवढं मराठी मला कळायला लागलं होतं. 'मास्तरची चूक झाली, कापड मी भरून देतो, बाकीचा दर ठरल्याप्रमाणे.' मी समोर उभा होतो. मी तुम्हाला आधी सांगितलं होतं हे तुम्ही सांगाल म्हणून मी वाट पाहिली. तुम्ही ओरडला असतात तर मी राहिलो असतो. ओरडणं मला चालतं. त्या दिवशी तुम्ही सौदा करत होता, आणि वर मला दिलंत."

मला अजूनही माझा आवाज चढलेला ऐकू येतो. त्याला माझा हळू आवाज ऐकू येतो. दोघांपैकी एकाचा कान खोटा आहे. पण 'बाकीचा दर ठरल्याप्रमाणे' हे शब्द माझेच, दुसऱ्या कुणाचे असूच शकत नाहीत.

मी म्हटलं, "परत ये. तू म्हणशील ते देतो." इतकं उघडं वाक्य मी आयुष्यात कुणाशी सौदा करताना बोललो नव्हतो.

त्यानं दोरा दातानं तोडला. "पैसे आधी होते तेवढेच द्या. पद्मा अम्मांकडे जाऊन एवढं सांगा, की मास्तरनं कापण्याआधी सांगितलं होतं. त्या दिवशी दुकानात होते त्यांच्यासमोर सांगा. मग येतो."

मी भडकलो. ज्या घरानं मला बदनाम केलं त्यांच्या दारात जाऊन चूक मी कबूल करायची? आणि मुंढा कुणी खोल कापला? मी ताक तसंच ठेवून उठलो. बांधावरून परत येताना मोठमोठ्यानं बोलत होतो. पलीकडच्या शेतातल्या वाकलेल्या बाया सरळ उभ्या राहून बघत होत्या. दोन दिवसांत राग उतरेल तेव्हा जाऊ, असं ठरवलं. राग उतरायला किती दिवस लागले ते लिहीत नाही. मग लाज वाटली. मग पद्माबाई मुलाकडे दिल्लीला गेल्या. परत आल्या तेव्हा माझ्या पायाचं दुखणं निघालं. मागच्या वर्षी बाई गेल्या.

एकांबरमला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. सुईत दोरा त्याची नात ओवते. माझंही दुकान मी पुतण्याच्या हवाली केलं आहे आणि तिथं कापायचं टेबल काढून पुतण्यानं काउंटर घातलाय. म्हणजे परत यायला जागा नाही, आणि यायला माणूसही नाही. पण त्यानं घातलेली अट तशीच आहे.

पद्माबाईंसमोर आता बोलता येणार नाही. त्या दिवशी दुकानात असलेले आपल्या मंडळींपैकी गृहस्थ हा अंक घेतात हे मला माहीत आहे, आणि राधाबाई सुनेकडून वाचून घेतात. तेव्हा इथं लिहितो. कापण्याआधी एकांबरम मास्तरनं मला सांगितलं होतं, की ही मापाची चोळी चालणार नाही, निरोप पाठवा. एकदा नाही, दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही. पद्माबाईंसमोर मी ते बोललो नाही आणि चूक त्याच्यावर ढकलली. चोळी कुणाची होती ते मला माहीत नाही.

संपादकांना कळवलं आहे की लेख लांबला तर कात्री-खडूची माहिती खुशाल कमी करा, वरच्या सात ओळींना हात लावायचा नाही. त्यांनी लिहिलं, पाहतो. मी उलट टपाली लिहिलं, पाहतो नको, हो किंवा नाही. त्यांचं 'हो' आलं आहे.

अंक निघाला की वेलचेरीला जाणार आहे. त्याला मराठी वाचता येत नाही, मला तमिळ लिहिता येत नाही. मीच वाचून दाखवीन, तमिळमध्ये, मोठ्यानं.